पीसी गेममध्ये एफपीएस पडतोय, रिझोल्यूशन नीट येत नाही: आधी आकडा वाचा, मग सेटिंग बदला

गेम अडखळायला लागला की बहुतेक जण सगळी ग्राफिक्स सेटिंग्ज ‘लो’वर नेतात. कधी फरक पडतो, बऱ्याचदा काडीचाही पडत नाही, आणि मग कार्ड जुनं झालं असं समजून नव्या कार्डाच्या किमती बघणं सुरू होतं. खरं तर ‘लो’वर नेऊनही एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, निघतात तो आकडा) जागचा हलला नाही, तर दोष कुठे नाही हे तिथेच कळलेलं असतं: ग्राफिक्स कार्डात नाही.

प्रत्येक फ्रेम कोणाची तरी वाट बघत असते. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, डिस्क किंवा मॉनिटर. ६० एफपीएस हवे असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ साठी जेमतेम ६.९. या वेळात जो भाग सगळ्यात मागे राहतो तो वेग ठरवतो, आणि बाकीच्या भागांवर केलेली मेहनत फुकट जाते. म्हणून एकही सेटिंग बदलण्याआधी मागे कोण राहतंय ते शोधायचं.

ऑनलाइन गेमबद्दल आधीच सांगून ठेवतो. एफपीएसचा आकडा १४० वर स्थिर आहे, पण समोरचे खेळाडू उड्या मारत सरकतायत, तुमची गोळी उशिरा लागतेय, तर तो इंटरनेटचा प्रश्न आहे. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवणारा डेटा) बघा. खालचं काहीही त्याला लागू नाही.

मोजायला काय लावायचं

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर ही जोडी मोफत आहे आणि कार्ड कोणत्याही कंपनीचं असलं तरी चालते. पडद्यावर एवढं दिसू द्या: फ्रेमरेट (एफपीएस), फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख, ग्राफिक्स कार्डाचा वापर, त्याचं तापमान आणि क्लॉक (कामाचा वेग), व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या प्रत्येक धाग्याचा) वापर आणि क्लॉक. घाईत असाल तर विंडोज आणि जी दाबून येणाऱ्या गेम बारमधलं परफॉर्मन्स विजेटही चालेल, पण त्यात फ्रेमटाइम दिसत नाही, आणि अडखळण्याचं निदान फ्रेमटाइमवरच होतं.

मोजणी दर वेळी गेममधल्या त्याच जागी, साधारण मिनिटभर करा. सायबरपंक २०७७ किंवा शॅडो ऑफ द टूम रेडरसारख्या गेममध्ये आतच बेंचमार्क आहे, तो सगळ्यात सोपा. सरासरीसोबत ‘१ टक्का लो’ लिहून ठेवा. सगळ्यात हळू निघालेल्या १ टक्का फ्रेमचा तो वेग. सरासरी ९० आणि १ टक्का लो २५ असेल तर हाताला गेम ९० चा वाटणारच नाही.

आकड्याचं वागणं

आकडा एका जागी खिळून बसलाय की वरखाली होतोय, हे पहिलं बघा. ३०, ६०, १२० असा आकडा तिथेच ठाण मांडून बसला असेल, भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं तरी वाढत नसेल, तर वेग कोणीतरी मुद्दाम रोखलाय. मशीन दमलेलं नाही. वरखाली होत असेल तर मशीनचा कुठला तरी भाग कमी पडतोय.

दुसऱ्या प्रकारात एक चाचणी निर्णायक ठरते. गेमचं रिझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० करा, बाकी काही बदलू नका. पिक्सेल सुमारे २०.७ लाखांवरून ९.२ लाखांवर येतात, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचं काम निम्म्याहून कमी होतं. एफपीएस भराभर वाढला तर कार्ड कमी पडत होतं. जवळपास तेवढाच राहिला तर प्रोसेसर किंवा रॅम.

कार्डाचा वापरही हेच सांगतो. ९७-९९ टक्के म्हणजे कार्ड पूर्ण जुंपलेलं आहे. ही निकोप अवस्था आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कार्ड ५५ टक्क्यांवर रेंगाळतंय आणि एफपीएस कमी आहे, तर कार्ड कामाची वाट बघत बसलंय. इथे लोक टास्क मॅनेजर उघडतात, प्रोसेसर ३० टक्के दिसतो आणि सगळे चक्रावतात. सहा कोअर, बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो फक्त ८.३ टक्के दिसतो. अनेक गेमचं मुख्य काम एकाच थ्रेडवर चालतं. म्हणून एकूण टक्केवारी न बघता प्रत्येक थ्रेड वेगळा बघा.

आकडा खिळलेला असेल तर

रोखणाऱ्या जागा बऱ्याच आहेत आणि एकाच वेळी दोन-तीन चालू असू शकतात. गेममधली फ्रेम मर्यादा आणि व्ही-सिंक (फ्रेमला मॉनिटरच्या ठोक्याशी बांधणारी सेटिंग), एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधलं ‘मॅक्स फ्रेम रेट’, एएमडीच्या सॉफ्टवेअरमधलं ‘चिल’, रिव्हाट्यूनरमध्ये कधीतरी घालून विसरलेली मर्यादा. लॅपटॉप चार्जरवर नसेल तर एनव्हिडियाची ‘बॅटरी बूस्ट’ सुविधा फ्रेम मुद्दाम रोखते, बऱ्याचदा ३० वर. एकेक बंद करून बघा.

आकडा ६० आणि ३० यांच्यातच उड्या मारत असेल तर साध्या व्ही-सिंकवर संशय घ्या. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, मॉनिटरवर एखाद्या फ्रेमला १६.७ ऐवजी १७ मिलिसेकंद लागले, तर तिला पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे थेट ३३.३. तीन दशांश मिलिसेकंदाच्या उशिराने वेग निम्मा होतो. मॉनिटरला फ्रीसिंक किंवा जी-सिंक (मॉनिटरने स्वतःच फ्रेमच्या तालावर चालण्याची सोय) असेल तर ते चालू करा आणि फ्रेम मर्यादा रिफ्रेश रेटच्या (मॉनिटरच्या हर्ट्झच्या आकड्याच्या) तीन-चार खाली ठेवा: १४४ हर्ट्झला १४१ किंवा १४०. ते नसेल तर व्ही-सिंक बंद करून चित्र फाटल्यासारखं दिसणं सोसा, किंवा सेटिंग्ज एवढी उतरवा की ६० च्या खाली आकडा जाणारच नाही.

याची उलटी तक्रारही नेहमी येते: ‘काउंटर १४० दाखवतो पण हालचाल गुळगुळीत वाटत नाही.’ काउंटर कार्डाने किती फ्रेम काढल्या ते सांगतो, मॉनिटरने किती दाखवल्या ते त्याला माहीत नसतं. नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोज त्याला बऱ्याचदा ६० हर्ट्झवरच ठेवतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट हाताने निवडा. ड्रायव्हर नव्याने टाकल्यावर हे पुन्हा तपासा, कारण तो ६० वर परतू शकतो.

यादीत १४४ दिसतच नसेल तर केबल आणि पोर्ट बघा. अनेक मॉनिटरांवर डिस्प्लेपोर्टने १४४ मिळतात, पण त्याच मॉनिटरचा एचडीएमआय पोर्ट १०८०पीला १२० वर थांबतो. एचडीएमआय १.४ असेल तर ४केला फक्त ३० हर्ट्झ मिळतात. ४के ६० साठी एचडीएमआय २.० लागतं. २५६० × १४४० ला १४४ हर्ट्झ हवे असतील तर डिस्प्लेपोर्ट १.२ पुरतो. मॉनिटरसोबत डब्यात आलेली केबल आधी वापरून बघा. टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सची काढून लावलेली नको.

केबल भलत्याच जागी

हा दोष इतक्या वेळा निघतो की त्याला वेगळी जागा द्यायलाच हवी. कॅबिनेटच्या मागे दोन ठिकाणी एचडीएमआय असतो. वरच्या बाजूला यूएसबी पोर्टांच्या शेजारी असतो तो मदरबोर्डचा. खाली आडव्या पट्टीत असतो तो ग्राफिक्स कार्डाचा. मॉनिटर मदरबोर्डला जोडला तर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर गेम चालू शकतो आणि महागडं कार्ड नुसतं बसून राहतं. आय५-१२४००एफ सारख्या, नावामागे ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्सच नसतं, त्यामुळे चुकीच्या पोर्टात पडदा काळाच राहतो आणि चूक लगेच कळते. साधा आय५-१२४०० किंवा रायझन ५ ५६००जी असेल तर डेस्कटॉप व्यवस्थित दिसतो, म्हणून चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

लॅपटॉप: गेम कोणत्या कार्डावर चाललाय?

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसेसच्या यादीत स्तंभांच्या मथळ्यावर राइट क्लिक करून ‘जीपीयू इंजिन’ चालू करा. गेमच्या नावापुढे जीपीयू ० आहे की १ ते दिसेल, आणि परफॉर्मन्स टॅबमध्ये कोणता आकडा कोणत्या कार्डाचा ते कळेल. गेम इंटेलच्या किंवा एएमडीच्या आतल्या ग्राफिक्सवर सापडला तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे त्याची एक्झी फाईल जोडून ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत लाँचर जोडून उपयोग नाही. प्रत्यक्ष खेळ जावा-डब्ल्यू नावाच्या फाईलवर चालतो, ती जोडावी लागते.

चार्जरही तपासा. गेमिंग लॅपटॉपचा स्वतःचा अडॅप्टर साधारण १५० ते २४० वॅटचा असतो. ऑफिसमधला ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर लावला तर ‘चार्ज होतंय’ असं दिसतं, पण कार्डाला पुरेशी वीज मिळत नाही आणि त्याचं क्लॉक जमिनीवर येतं. शिवाय उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधला मोड ‘सायलेंट’वर राहिलेला नाही ना ते बघा. मक्स स्विच असेल तर त्यातून आतलं ग्राफिक्स वगळून चित्र थेट पडद्याला जातं आणि जास्त एफपीएसच्या खेळांत चांगला फायदा होतो.

रॅम: विकत घेतलेला वेग मिळतोय का

डीडीआर४ ची ३२०० ची रॅम विकत घेऊन ती २१३३ किंवा २४०० वर चालवणारे असंख्य पीसी आहेत. कारण साधं आहे: पाकिटावरचा वेग बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) चालू करावा लागतो. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी इथे ‘स्पीड’ बघा. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये बघत असाल तर तिथला आकडा दुप्पट करा. १६०० दिसलं म्हणजे ३२०० बरोबर चाललंय. कमी असेल तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा. एएमडीच्या बोर्डांवर त्याच सोयीला डीओसीपी किंवा एक्स्पो म्हणतात. त्यानंतर पीसी चालूच झाला नाही तर घाबरू नका. वीज काढा, मदरबोर्डवरचा गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, परत बसवा. बायोस मूळ स्थितीत येईल. मग एक पायरी कमी वेग निवडा. आय५-१०४०० आणि एच४१० बोर्ड असेल तर मात्र रॅम २६६६ च्या वर जाणारच नाही. तो दोष नव्हे, त्या जोडीची मर्यादा आहे.

कांड्या किती आणि कुठे हेही बघा. दोन कांड्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. शेजारी-शेजारी बसवल्या तर बऱ्याच बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनेलवर येतात आणि मेमरीची रुंदी निम्मी होते. ज्यांच्याकडे वेगळं कार्डच नाही, ५६००जी सारख्या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर खेळतात, त्यांना हा फटका सगळ्यात जास्त, कारण त्यांची रॅम हीच व्हीरॅम असते. अशा पीसीला १६ जीबीच्या एका कांडीपेक्षा ८-८ च्या दोन कांड्या केव्हाही चांगल्या.

उष्णता

पहिली दहा-पंधरा मिनिटं गेम झकास चालतो, नंतर हळूहळू पडतो, थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा झकास. ही खूण दुसऱ्या कशाची फारशी नसते. खात्री करायला नुसतं तापमान पुरत नाही, क्लॉक बघा. तापमान ९५ आहे पण क्लॉक टिकून आहे, तर एफपीएस त्यामुळे पडलेला नाही. रायझन ७००० मालिकेतले प्रोसेसर तर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातील अशीच त्यांची रचना आहे. प्रोसेसर ४.२ गिगाहर्ट्झवरून २.६ वर उतरला आणि त्याच क्षणी फ्रेमटाइमचा आलेख उंचावला, तर मात्र दोषी सापडला. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांची, एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ च्या आसपास क्लॉक कमी करायला लागतात.

पंखा खोलीतल्या हवेनेच थंड करतो, त्यामुळे खोली दहा अंशांनी तापली की आतलं तापमानही साधारण तेवढंच वर सरकतं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा जानेवारीत सुरळीत चालणारा लॅपटॉप दुपारी अडखळला तर त्यात बिघाड झालाय असं नाही. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवा, गादीवर ठेवून खेळू नका, पंख्यांच्या जाळ्या साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर हवेच्या झोताने ते प्रमाणाबाहेर फिरतं आणि बेअरिंग जातं. तीन-चार वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्ट बदलण्याची वेळ आलीय.

खर्चाशिवायचे दोन उपाय खरोखर गुणकारी आहेत. पहिला, फ्रेम मर्यादा. गोष्टीप्रधान गेमला १४४ ऐवजी ७५ ची मर्यादा घाला. कार्ड कमी वीज खातं, उष्णता कमी होते, आणि वेग शेवटपर्यंत टिकतो. दुसरा लॅपटॉपसाठी: पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंग्जमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के करा. प्रोसेसरचा टर्बो (गरजेप्रमाणे वेग आणखी चढवणं) बंद होतो आणि तापमान झपकन खाली येतं. कार्डावर भार असलेल्या गेमांत एफपीएस फारसा जात नाही. प्रोसेसरवर भार असलेल्या गेमांत मात्र जातो, तिथे हे करू नका. काही लॅपटॉपांत हा पर्याय लपवलेला असतो.

सरासरी चांगली, तरी झटके

झटके कधी येतात त्यावरून कारण ओळखता येतं.

नवीन जागा, नवा शत्रू, पहिला स्फोट दिसताना झटका बसतो आणि त्याच जागी परत गेल्यावर बसत नाही, तर ते शेडर (चित्र कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम) तयार होणं आहे. अनरियल इंजिनच्या गेमांत हे ठळकपणे जाणवतं. गेम सुरू होताना ‘शेडर्स तयार होत आहेत’ अशा अर्थाची पट्टी दिसली तर ती पूर्ण होऊ द्या, मध्येच सोडून खेळायला जाऊ नका. ड्रायव्हर बदलला की साठवलेले शेडर बाद होतात आणि सगळं पुन्हा होतं. शेडर कॅशे रोज साफ करण्याचा सल्ला सर्रास फिरतो. त्याने झटके वाढतात. एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये कॅशेचा आकार १० जीबी करून ठेवा.

कॅमेरा वळवताना झटका बसतो, टेक्श्चर आधी मातकट दिसून मग स्पष्ट होतात, तर व्हीरॅम भरलीय. टास्क मॅनेजरमध्ये ‘डेडिकेटेड’ मेमरी काठोकाठ आणि ‘शेअर्ड’ वाढत चाललेली दिसेल. जागा संपली की कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या (कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या) वाटेने साध्या रॅमकडे धावतं, आणि ती वाट व्हीरॅमच्या तुलनेत फारच अरुंद आहे. आरएक्स ६५०० एक्सटी हे याचं ठळक उदाहरण: व्हीरॅम ४ जीबी आणि वाट फक्त चार लेनची. जुन्या पीसीआय ३.० बोर्डावर तीच वाट आणखी निम्मी होते. उपाय एकच, टेक्श्चर क्वालिटी एक पायरी खाली आणा. इथे एक उलट गोष्टही लक्षात ठेवा: टेक्श्चर व्हीरॅममध्ये मावत असतील तर त्यांना ‘लो’ करून एफपीएस जवळपास वाढत नाही, फक्त चित्र विद्रूप होतं. खरा एफपीएस शॅडो, रे ट्रेसिंग, व्हॉल्युमेट्रिक धुकं आणि रिफ्लेक्शन खातात. प्रोसेसर कमी पडत असेल तर गर्दीची घनता आणि ड्रॉ डिस्टन्स (किती दूरपर्यंतच्या वस्तू दाखवायच्या) कमी करा.

गाडी वेगात पळवताना रस्ता अडखळतो, तर डिस्क बघा. मोठ्या नकाशाचे गेम हार्ड डिस्कवर ठेवू नका, एसएसडीवर हलवा. ठरावीक सेकंदांनी झटका येत असेल तर पार्श्वभूमीला काहीतरी चाललंय: विंडोज अपडेट, अँटिव्हायरस, किंवा दर सेकंदाला सेन्सर वाचणारं आरजीबी दिव्यांचं सॉफ्टवेअर. माउस हलवतानाच झटके येत असतील आणि माउस ८००० हर्ट्झचा असेल तर पोलिंग रेट (माउस सेकंदाला किती वेळा हालचाल कळवतो तो आकडा) १००० करा.

रिझोल्यूशनच्या तक्रारी

गेमच्या यादीत जास्तीत जास्त १५३६ × ८६४ दिसतंय, आणि पडदा तर १९२० × १०८० चा आहे? हा आकडा पाहताच कारण कळतं. विंडोजचं स्केलिंग (अक्षरं, चिन्हं मोठी करून दाखवणं) १२५ टक्के आहे. १९२० ला १.२५ ने भागलं की १५३६ येतात. स्केलिंग १५० असेल तर १२८० × ७२० दिसेल. जुन्या गेमांना विंडोज खरा आकार सांगत नाही, भागलेला सांगतं. गेमच्या एक्झी फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’, तिथे स्केलिंग ओव्हरराइड करण्याच्या चौकटीत खूण करून खाली ‘ॲप्लिकेशन’ निवडा. संपूर्ण डेस्कटॉपचं स्केलिंग १०० करून अक्षरं बारीक करून घेण्याची गरज नाही.

रिझोल्यूशनचा पर्याय राखाडी होऊन निवडताच येत नसेल तर गेम ‘बॉर्डरलेस’मध्ये (पडदाभर पसरलेल्या, कडा नसलेल्या खिडकीत) आहे. त्या मोडमध्ये बहुतेक गेम डेस्कटॉपचंच रिझोल्यूशन घेतात. फुलस्क्रीन निवडा, पर्याय जिवंत होईल.

डेस्कटॉपवरच १०२४ × ७६८ च्या वर काही मिळत नसेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्ले अडॅप्टरखाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असेल तर ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर आहे पण मॉनिटरचं नाव ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ दिसतंय तर केबलवर संशय घ्या. मॉनिटर आपली क्षमता केबलमधल्या वेगळ्या तारांवरून संगणकाला कळवतो. स्वस्त व्हीजीए केबलमध्ये त्या तारा नसतात, किंवा पिन वाकलेली असते. मॉनिटर गप्प राहिला की विंडोज सावधपणे कमी रिझोल्यूशन देतं. केबल बदला, शक्य असेल तर व्हीजीए सोडूनच द्या.

रिझोल्यूशन बरोबर आहे, तरी चित्र धूसर? मग गेममधलं ‘रेंडर स्केल’, ‘डायनॅमिक रिझोल्यूशन’ आणि डीएलएसएस-एफएसआर (लहान चित्र मोठं करणारे अपस्केलर) बघा. १०८०पीवर ‘क्वालिटी’ मोडमध्ये गेम प्रत्यक्षात १२८० × ७२० रंगवतो आणि मोठा करून दाखवतो. ‘परफॉर्मन्स’ मोडमध्ये तर ९६० × ५४०, म्हणजे पिक्सेल एक चतुर्थांश. ४के पडद्यासाठी परफॉर्मन्स मोड ठीक आहे, कारण तिथे मूळ चित्रच १०८०पीचं असतं. १०८०पीच्या पडद्यावर क्वालिटीच्या खाली जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा शॅडो कमी केलेल्या बऱ्या.

तरीही गेमचं रिझोल्यूशन उतरवण्यापेक्षा क्वालिटी मोड चांगला. १४४० च्या मॉनिटरवर १०८०पी लावलं तर एक पिक्सेल आडवा-उभा १.३३ पिक्सेलांवर पसरतो, म्हणून अक्षरंही पुसट होतात. अपस्केलर वापरला तर नकाशा, अक्षरं, निशाण्याचं चिन्ह पूर्ण रिझोल्यूशनला राहतात. ४के पडद्यावर १०८०पीचं नेमकं दुप्पट होतं, तिथे ‘इंटिजर स्केलिंग’ चालू केलं तर कडा स्वच्छ राहतात.

काउंटर-स्ट्राइक २ मध्ये १२८० × ९६० ताणून खेळायचंय पण दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, ही कायमची विचारणा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल, ‘ॲडजस्ट डेस्कटॉप साइझ अँड पोझिशन’, तिथे ‘फुल-स्क्रीन’, स्केलिंग ‘जीपीयू’वर, आणि गेमने ठरवलेला मोड बाजूला सारण्याच्या चौकटीत खूण. गेम फुलस्क्रीनमध्येच हवा. लॅपटॉपच्या पॅनेलमध्ये हा विभागच सापडत नसेल तर पडदा इंटेलच्या ग्राफिक्सला जोडलेला आहे. इंटेलच्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेखाली स्केल ‘स्ट्रेच्ड’ करा.

टीव्हीला जोडल्यावर कडा कापल्या जात असतील, टास्कबार अर्धाच दिसत असेल, तर दोष टीव्हीच्या ओव्हरस्कॅनचा. एलजीवर ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगवर ‘स्क्रीन फिट’ शोधा. गेम मोडही चालू करा.

चुकीचं रिझोल्यूशन निवडलं आणि पडदा काळा होऊन ‘आउट ऑफ रेंज’ आलं, तर आधी ऑल्ट-एंटर दाबा, बरेच गेम खिडकीत येतात. नाही जमलं तर सेटिंगची फाईल हटवावी लागते. अनरियल इंजिनच्या गेमांची फाईल वापरकर्त्याच्या ॲपडेटाच्या लोकल फोल्डरमध्ये, गेमच्या नावाखाली सेव्ह्ड आणि मग कॉन्फिग इथे असते, नाव गेमयूझरसेटिंग्ज. तिचं नाव बदलून ठेवा, गेम नवी फाईल तयार करतो. युनिटीचे गेम ही नोंद रजिस्ट्रीत ठेवतात, तिथे फाईल शोधत बसू नका. आणि फाईल हटवूनही तीच चूक परत आली तर स्टीम क्लाउड जुनी फाईल खाली उतरवतंय. त्या गेमपुरतं क्लाउड बंद करून पुन्हा करा.

जुने गेम

जीटीएचे व्हाइस सिटी, सॅन अँड्रियास आजही पुष्कळ घरांत खेळले जातात. त्यांच्यात फ्रेम लिमिटर बंद करू नका. त्या काळी खेळाची भौतिकी फ्रेमला बांधलेली असायची. सॅन अँड्रियासमध्ये एफपीएस वाढला की पोहणं हळू होतं, गाड्या विचित्र वागतात. २०११ च्या स्कायरिमच्या मूळ आवृत्तीतही ६० च्या वर गेलं की वस्तू उडायला लागतात. स्कायरिमला ड्रायव्हरमधून ६० ची मर्यादा घाला. व्हाइस सिटी, सॅन अँड्रियासमध्ये चित्र आडवं ताणलेलं दिसत असेल तर ते ४:३ पडद्यासाठी केलेले आहेत म्हणून; दोन्हींचा वाइडस्क्रीन फिक्स (रुंद पडद्यासाठीची दुरुस्ती) मिळतो.

ड्रायव्हर, आणि त्यानंतर काय

ड्रायव्हर पुसून टाकणं हा पहिला उपाय नाही. कालपर्यंत चालत होतं आणि ड्रायव्हर किंवा विंडोजच्या अपडेटनंतर बिघडलं, किंवा कार्ड एएमडीचं काढून एनव्हिडियाचं लावलं, तरच करा. हवा तो ड्रायव्हर आधी उतरवून घ्या. इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज मधेच स्वतःचा टाकून मोकळं होतं. सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवा, ‘क्लीन अँड रीस्टार्ट’ निवडा, नेहमीच्या मोडमध्ये ड्रायव्हर टाका, मग इंटरनेट जोडा. नवाच ड्रायव्हर हवा असं नाही. ज्यावर नीट चालत होतं तो जुना टाका. इंटेल आर्क कार्ड असेल तर बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला सगळी व्हीरॅम एकदम गाठू देणारी सोय) चालू आहे ना ते जरूर बघा, त्यावाचून ती कार्डं बरीच मागे पडतात.

विंडोज ११ मधलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद केल्याने काही पीसींवर थोडे एफपीएस मिळतात. पण ते संरक्षण आहे. ज्या पीसीवर बँकेचे व्यवहार होतात तिथे एवढ्याशा फायद्यासाठी ते काढू नये. ‘गेम बूस्टर’ आणि रजिस्ट्रीच्या तयार फाइली मात्र अजिबात टाकू नका. त्यांनी नेमकं काय बदललं ते नंतर शोधता येत नाही.

एवढं करूनही ७२०पीला, थंड पीसीवर, स्वच्छ ड्रायव्हरने पडद्यावर रंगीत चौकोन किंवा रेषा येत असतील, तर कार्डाची व्हीरॅम बिघडलेली असण्याची दाट शक्यता आहे. भार येताच पीसी झटकन बंद होत असेल तर एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) दुसऱ्याचा लावून बघा, आणि कार्डाला दोन वीजजोड असतील तर एकाच केबलच्या दोन तोंडांऐवजी दोन वेगळ्या केबल द्या. वॉरंटीत असेल तर कार्ड खोलू नका. आधी दोषाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि बिल, डब्यावरचा सिरियल नंबर सोबत ठेवा, कारण सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर दोष दिसेलच असं नाही.